प्रोस्टेटचा कर्करोग आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची आरोग्य-चळवळ



रोगाला जात नसते, धर्म नसतो, वर्ण नसतो, असे आपण व्यासपीठावरून पुष्कळदा ऐकतो. वाक्य कानाला गोड आहे, परंतु ते अर्धेच खरे आहे. रोगाला वर्ण नसला तरी रोग्याला तो असतो. रोगी केव्हा दवाखान्यात पोहोचणार, डॉक्टर त्याचे म्हणणे किती वेळ ऐकून घेणार, त्याला कोणता उपचार मिळणार आणि त्यानंतर तो किती वर्षे जगणार, ह्या गोष्टी बऱ्याच अंशी त्यावर ठरतात. अमेरिकेतील आफ्रिकन-अमेरिकन म्हणजे कृष्णवर्णीय पुरुष आणि प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हे ह्याचे अतिशय बोलके उदाहरण होय. म्हणून ह्या अभ्यासलेखासाठी आम्ही हा विषय निवडला आहे.

ह्या लोकांशी आपले नाते आजचे नाही. १९४६ साली अमेरिकेतील निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे निवेदन सादर केल्याचे वाचनात येताच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस ह्यांना पत्र लिहून त्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या. पुढे १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. तिचे नाव ऑकलंड शहरात १९६६ साली जन्मलेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलेले होते, हे आपणा सर्वांस माहीत आहे. परंतु पँथर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोर्चा आणि वळलेल्या मुठी येतात. त्याच ब्लॅक पँथर पक्षाने १९७० च्या सुमारास आपल्या शाखांमार्फत मोफत दवाखाने चालविले आणि वस्तीवस्तीत जाऊन सिकल सेल ह्या रक्ताच्या आजाराची तपासणी केली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. सिकल सेल विदर्भातील आपल्या बांधवांना अनोळखी नाही, म्हणून हे मुद्दाम नमूद केले. आरोग्य हा हक्कांच्या लढ्याचाच एक भाग आहे, ही समज त्या समाजात त्या काळापासून रुजलेली आहे.

रोगाची ओळख

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांच्या शरीरात असणारी, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी होय. ती मूत्राशयाच्या खाली असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. वय वाढले की ही ग्रंथी अनेकांची वाढते आणि लघवीला वारंवार जावे लागते, धार बारीक होते. अशी प्रत्येक वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. उलट, कर्करोग असला तरी सुरुवातीस बहुधा कोणतेच लक्षण दिसत नाही, आणि ह्यातच खरा धोका आहे. तो हाडांपर्यंत पसरला म्हणजे कंबर दुखू लागते. तोपर्यंत वेळ हातची गेलेली असते.

हा रोग ओळखण्यासाठी पीएसए नावाची रक्ततपासणी आहे. अमेरिकेत तिला रोग-शोधनासाठी १९९४ साली सरकारी मान्यता मिळाली. पीएसए वाढलेले दिसले म्हणजे कर्करोग झालाच असे नाही. मग डॉक्टर बोटाने ग्रंथी तपासतात, एमआरआय काढतात, गरज पडल्यास सुईने ग्रंथीचे लहान तुकडे काढून पाहतात. रोग ग्रंथीपुरता किंवा तिच्या आसपास असताना सापडला, तर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण जवळजवळ शंभर टक्के आहे. तो दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला, तर हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर येते. सगळा प्रश्न ह्या दोन आकड्यांच्या मधला आहे.

तफावत किती आणि कशामुळे

अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या अंदाजानुसार २०२४ ह्या एका वर्षात त्या देशात सुमारे २,९९,००० पुरुषांना हा रोग झाल्याचे निदान होईल आणि सुमारे ३५,००० पुरुष त्याने दगावतील, असे धरले होते. सर्व पुरुषांचा विचार केला तर आयुष्यात आठांपैकी एकाला हा रोग होतो. कृष्णवर्णीय पुरुषांत हे प्रमाण सहांपैकी एक असे आहे. मृत्यूचे प्रमाण तर गोऱ्या पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आहे. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. रोग होण्यात जो फरक आहे, त्याहून मरण्यातला फरक मोठा आहे. तो वरचा फरक कोठून आला?

काही शास्त्रज्ञ आनुवंशिक कारणांकडे बोट दाखवितात, आणि त्यात तथ्य आहे. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या वंशांत ह्या रोगाशी संबंधित काही जनुकीय खुणा अधिक सापडतात. इंग्लंडमध्येही कृष्णवर्णीय पुरुषांपैकी चारांत एकाला हा रोग होतो असे सांगितले जाते. परंतु ‘त्यांच्या रक्तातच आहे’ असे म्हणून विषय मिटविण्याची घाई करू नये. आपल्याला अशा युक्तिवादाची सवय आहे. जन्मावर बोट ठेवले की व्यवस्थेला उत्तर द्यावे लागत नाही.

ह्या बाबतीत सर्वांत मोलाचा पुरावा माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून आला. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतंत्र रुग्णालय-व्यवस्था आहे. तेथे काळा-गोरा दोघांनाही जवळपास सारख्याच खर्चात तीच तपासणी आणि तेच डॉक्टर मिळतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ह्या व्यवस्थेतील साठ हजारांहून अधिक प्रोस्टेट-रुग्णांची माहिती तपासण्यात आली. त्यांत अठरा हजारांहून अधिक कृष्णवर्णीय होते. निष्कर्ष असा निघाला की कृष्णवर्णीयांचा रोग अधिक उशिरा सापडलेला नव्हता आणि त्यापायी झालेल्या मृत्यूंचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा अधिक नव्हते. रोग होण्याचे प्रमाण मात्र ह्या व्यवस्थेतही कृष्णवर्णीयांत जास्तच असते. म्हणजे निसर्गाने एक भार त्यांच्यावर टाकला आहे, तो खराच आहे. पण दुप्पट मृत्यूंपैकी फार मोठा भाग माणसांनी निर्माण केलेला आहे. जे माणसांनी निर्माण केले ते माणसांना दुरुस्त करता येते, ह्या एका गोष्टीवर पुढची सगळी चळवळ उभी आहे.

डॉ. हेरॉल्ड फ्रीमन ह्या कृष्णवर्णीय शल्यचिकित्सकाने ही गोष्ट फार आधी ओळखली होती. न्यूयॉर्कमधील हार्लेम ह्या कृष्णवर्णीय वस्तीच्या रुग्णालयात ते काम करीत. १९९० साली त्यांनी डॉ. कॉलिन मॅककॉर्ड ह्यांच्यासह एक लेख प्रसिद्ध केला. जगातील सर्वांत श्रीमंत देशातील हार्लेमचा पुरुष वयाची ६५ वर्षे गाठण्याची शक्यता बांगलादेशातील पुरुषापेक्षा कमी आहे, असे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. पण ते लेख लिहून थांबले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी रुग्णालयात ‘वाटाडे’ नेमण्यास सुरुवात केली. स्तनाच्या कर्करोगाचा संशय असलेल्या बाईला पुढची तारीख मिळवून देणे, विम्याचे कागद भरून देणे, मुले कोणाकडे ठेवायची ते पाहणे, आली नाही तर फोन करणे, एवढेच त्या वाटाड्याचे काम. हार्लेमच्या रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगानंतर पाच वर्षे जगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण पूर्वी ३९ टक्के होते. मोफत व स्वस्त तपासणी आणि हे वाटाडे ह्यांच्या जोडीने ते पुढे ७० टक्क्यांवर गेले. कोणतेही नवे औषध शोधावे लागले नाही. आज प्रोस्टेटच्या कामातही हीच पद्धत ठिकठिकाणी वापरतात.

आम्ही बँकेत खिडकीवर बसणारे लोक. फॉर्म पाहून परत जाणारी माणसे आम्ही रोज पाहतो. एका रकान्यात काय लिहावे ते कळत नाही, विचारण्याची लाज वाटते, आणि माणूस ‘उद्या येतो’ म्हणून जातो तो सहा महिने येत नाही. खात्याच्या बाबतीत ह्याने फार तर व्याज बुडते. डॉ. फ्रीमन ह्यांनी काय केले ते आम्हाला म्हणूनच चटकन समजले.

मौन आणि अविश्वास

पैसा व विमा ही झाली बाहेरची अडचण. दुसरी अडचण घरातली आहे. हा रोग शरीराच्या ज्या भागाचा आहे, त्याविषयी पुरुष बोलत नाहीत. तपासणीत डॉक्टर गुदद्वारातून बोट घालतात, ह्या एका गोष्टीमुळे अनेकजण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. (आता बहुतेक ठिकाणी सुरुवात केवळ रक्ततपासणीने करतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.) शस्त्रक्रियेनंतर लघवीवरील ताबा जाईल, पुरुषत्व जाईल, ही भीतीही असते आणि ती अगदीच निराधार नाही.

मौन किती खोल असू शकते ह्याचे उदाहरण सर्व जगाने पाहिले. लॉइड ऑस्टिन हे अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय संरक्षणमंत्री. चार तारे लावलेले निवृत्त जनरल. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे कळले, २२ डिसेंबरला शस्त्रक्रिया झाली, आणि त्रास वाढल्याने १ जानेवारी २०२४ रोजी त्यांना पुन्हा रुग्णालयात हलवावे लागले. त्यांनी हे राष्ट्राध्यक्षांनाही कळविले नव्हते! ९ जानेवारीला रोगाचे नाव जाहीर झाले आणि मोठी टीका झाली. १ फेब्रुवारीस त्यांनी पत्रकारांसमोर येऊन क्षमा मागितली. ही बाब स्वतःपुरती ठेवावी असेच आपल्याला प्रथम वाटले, अशी कबुली त्यांनी दिली आणि कृष्णवर्णीय पुरुषांना तपासणी करून घेण्यास सांगितले. सैन्याला आज्ञा देणारा माणूस जर एवढा संकोचतो, तर बस चालविणाऱ्याचे काय?

अविश्वासाचे कारण मात्र संकोचाहून वेगळे आहे, आणि ते इतिहासात आहे. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालविला. त्यांतील ३९९ जणांना उपदंश म्हणजे गरमी हा रोग होता. पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना हेतुपुरस्सर दिले नाही. रोग वाढत जाऊन काय होते ते पाहायचे होते. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन ह्यांनी १९९७ साली देशाच्या वतीने माफी मागितली. ज्यांच्या आजोबांशी असे वागले गेले, त्यांचा नातू ‘रक्त द्या, संशोधनात भाग घ्या’ म्हटल्यावर मागे सरतो, ह्याला अज्ञान म्हणता येणार नाही. तो अनुभव आहे.

केशकर्तनालय, चर्च आणि संसद

अशा स्थितीत सरकारी पत्रके वाटून काही होत नाही. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या तोंडून गोष्ट यावी लागते. कृष्णवर्णीय वस्तीत अशी दोन ठिकाणे आहेत : केशकर्तनालय आणि चर्च. केस कापणाऱ्याच्या खुर्चीत माणूस महिन्यातून एकदोनदा तरी अर्धा तास बसतो. राजकारण, खेळ, घरगुती भांडण, सगळे तेथे निघते. ह्याचा उपयोग होतो काय हे लॉस अँजेलिस परिसरात नीट मोजून पाहिले गेले. डॉ. रोनाल्ड व्हिक्टर ह्यांचा तो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तो रक्तदाबाविषयी होता, प्रोस्टेटविषयी नव्हे. पण त्याचे फळ सर्वांनाच उपयोगी पडले. ५२ दुकानांतील ३१९ गिऱ्हाइके त्यात होती. जेथे औषधतज्ज्ञ दुकानातच येऊन औषध देत, तेथे सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. जेथे फक्त सल्ला देऊन डॉक्टरकडे पाठविले, तेथे ९ अंकांनी. सांगणे वेगळे आणि सेवा दाराशी आणणे वेगळे, हे ह्यातून दिसते. प्रोस्टेटच्या जागृतीसाठीही अनेक शहरांत केशकर्तनकारांना शिकवून तयार केले जाते.

चर्चच्या बाजूचे काम समजण्यासाठी बोस्टनच्या थॉमस फॅरिंग्टन ह्यांचे उदाहरण घ्यावे. हे डॉक्टर नव्हेत, संगणक-व्यवसायातील उद्योजक. त्यांचे वडील ह्याच रोगाने गेले. २००० साली त्यांना स्वतःला रोग झाल्याचे कळले. बरे झाल्यावर त्यांनी पुस्तक लिहिले आणि २००३ साली प्रोस्टेट हेल्थ एज्युकेशन नेटवर्क ही संस्था काढली. २००५ पासून ही संस्था वॉशिंग्टनमध्ये दरवर्षी परिषद भरविते. डॉक्टर, संशोधक, संसद-सदस्य आणि स्वतः रुग्ण अशा सर्वांना तेथे एकत्र बसवून तफावतीचे काय झाले हे विचारले जाते. २००९ पासून चर्चच्या मदतीने जूनच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे तिकडच्या पितृदिनी, प्रार्थनेच्या वेळी रोगातून वाचलेल्यांना आणि कुटुंबीयांना पुढे बोलावण्याचा कार्यक्रमही सुरू झाला.

तपासणीचा वाद

येथपर्यंत वाचून ‘मग सर्वांनी पीएसए करून घ्यावे, संपले’ असे कोणाला वाटेल. प्रश्न तितका सोपा नाही, आणि चळवळीतील काहीजण तो सोपा करून सांगतात हे आम्हास मान्य नाही. पुष्कळ प्रोस्टेट-कर्करोग इतके संथ असतात की माणूस त्यांच्यासह सुखाने म्हातारा होतो. असा रोग सापडताच घाईने शस्त्रक्रिया केली तर लघवी गळणे, नपुंसकत्व ही दुखणी विनाकारण पदरी येतात. म्हणून २०१२ साली अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने कोणाचीही सरसकट पीएसए तपासणी करू नये, असा सल्ला दिला.

त्यावर कृष्णवर्णीय संघटनांनी जो आक्षेप घेतला तो मात्र बिनतोड होता. हा सल्ला ज्या मोठ्या अभ्यासांवर उभा होता, त्यांत कृष्णवर्णीय होते किती? अमेरिकेतील अभ्यासात ७६ हजारांवर पुरुष होते. त्यांत कृष्णवर्णीय जेमतेम चार टक्के. युरोपातील अभ्यासात ते जवळजवळ नव्हतेच. ज्यांना धोका सर्वांत अधिक त्यांना मोजलेच नाही, आणि नियम मात्र त्यांनाही लावला. त्या सल्ल्यानंतरच्या काळात देशभर उशिरा सापडणाऱ्या रोगाचे प्रमाण वाढू लागले. २०१८ साली कार्यदलाने सल्ला बदलला : ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी चर्चा करून स्वतः ठरवावे. कृष्णवर्णीयांचा धोका अधिक असल्याचे त्यात मान्य केले, पण त्यांच्यासाठी वेगळी शिफारस केली नाही.

ह्यात पैशाची एक मेख आहे, ती विद्यार्थ्यांनी समजून घ्यावी. कार्यदल प्रत्येक तपासणीला अक्षर-श्रेणी देते. २०१० च्या आरोग्य-विमा कायद्याप्रमाणे ‘ए’ किंवा ‘बी’ श्रेणी असलेली तपासणी विमा कंपनीला रुग्णाकडून पैसे न घेता द्यावी लागते. पीएसएला २०१८ साली ‘सी’ मिळाली. एका अक्षराने खर्च रुग्णाच्या खिशावर येऊ शकतो. म्हणून चळवळीने राज्याराज्यांतून कायद्याची मागणी केली. न्यूयॉर्क राज्याने २०१८ साली कायदा करून २०१९ पासून प्रोस्टेट-तपासणीवरील रुग्णाचा वाटा रद्द केला. अधिक धोका असलेल्या पुरुषांसाठी देशभर अशीच सवलत द्यावी, असे विधेयक २०२३ साली संसदेत पुन्हा मांडले गेले.

मोजणीतील उणीव भरून काढण्याचे कामही सुरू झाले. २०१८ साली सरकारी व खासगी निधीतून, सुमारे २ कोटी ६५ लाख डॉलर खर्चाचा, दहा हजार कृष्णवर्णीय रुग्णांना सामील करून घेण्याचे उद्दिष्ट ठेवणारा अभ्यास जाहीर झाला. त्यात केवळ जनुके पाहायची नाहीत. वस्ती, ताणतणाव, भेदभावाचे अनुभव हेही विचारायचे. टस्कीगीनंतर असा अभ्यास यशस्वी होणे हे चर्चमधल्या आणि केशकर्तनालयातल्या माणसांच्या शब्दावर अवलंबून असते. संशोधकांना हे आता कळले आहे. तपासणी म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, हे समीकरणही मोडले आहे. संथ रोगावर नुसती नियमित नजर ठेवण्याची पद्धत आज रूढ आहे. त्यामुळे २०१२ च्या आक्षेपाची धार बरीच बोथट झाली. २०२४ साली प्रोस्टेट कॅन्सर फाउंडेशनने कृष्णवर्णीय पुरुषांसाठी स्वतंत्र सूचना प्रसिद्ध केल्या : पहिली पीएसए तपासणी ४० ते ४५ ह्या वयात करावी आणि त्यानंतर दरवर्षी करण्याचा विचार करावा.

चाळीस म्हणजे रोगाचा विचारही मनात येत नाही असे वय. ज्याच्या वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला, त्याचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक असतो. परंतु वडिलांना नेमके काय झाले होते हे कित्येक मुलांना माहीतच नसते. ‘लघवीचा त्रास होता’ एवढेच घरात सांगितलेले असते. पितृदिनी चर्चमध्ये बाप उठून पुढे जातो, तेव्हा मागच्या बाकावर त्याचे मुलगे बसलेले असतात. त्यांतील काहींना ते प्रथमच कळत असते.